पहिल्यावर थांबायचं नाही

त्या संध्याकाळी वर्गात मॅडमचा पारा आधीच चढलेला होता. मॅडम म्हणजे प्रोग्रॅमिंग शिकवणारी बाई. नोकरी सांभाळून शिकायला येणारी मोठी माणसं तिच्या वर्गात असत आणि तीही तिला चळचळा कापत. घरी तिला मिरची म्हणायचे. हे नाव का पडलं असेल, असा प्रश्न तिच्या वर्गातल्या कुणालाच पडला नसता.

गणित साधं होतं. अक्षरांची एक लांबलचक माळ दिली आहे, तिच्यात एक ठरावीक अक्षर कुठे कुठे आलंय ती सगळी ठिकाणं छापायची. अर्ध्या वर्गाने एकच ठिकाण छापलं होतं. पहिलं. आणि छापून निवांत बसले होते, जणू गड जिंकला.

"सगळी ठिकाणं म्हटलंय मी! सगळी!" तिने फळ्यावर हात आपटला. "एक सापडलं की घरी?"

"मॅडम, शोधायचं तयार फंक्शन तेवढंच देतं," पुढच्या बाकावरचे टक्कलवाले गृहस्थ म्हणाले. "सापडलं की ते परत येतं."

"ते येतं, तुम्ही का येता? धान्य निवडताना एक खडा मिळाला की ताट बाजूला ठेवता का? जिथे सापडलं त्याच्या पुढच्या जागेपासून त्याला परत शोधायला पाठवा. परत सापडलं, परत पुढे. काहीच सापडेनासं झालं की मग थांबा. इतकंच आहे. आणि हे दर वर्षी, दर वर्गात मला घसा कोरडा करून सांगावं लागतं!"

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. दादाचा होता. दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, कामाच्या वेळात कधी फोन करत नसे, म्हणून ती बाहेर जिन्यात जाऊन बोलली.

"उद्या दुपारी बाबांना मागच्या इमारतीत हलवतायत," दादा म्हणाला. "डॉक्टरांची सही झाली, माझीही झाली. तुझी राहिलीय. तू ये, उगाच तमाशा नको करू."

बाबा ज्या वृद्धनिवासात राहत होते तिथे दोन इमारती होत्या. पुढच्या इमारतीत शाबूत डोक्याची म्हातारी माणसं. आपली खोली, आपली खिडकी, बागेत फिरायला मोकळीक, आणि पलंगाशी बेलची दोरी. मागच्या इमारतीत ज्यांना काही आठवत नाही अशी माणसं. तिथलं दार आतून उघडत नसे. आणि तिथे बेलची दोरीही नसे, कारण तिथल्या माणसाने बोलावलं तरी त्याला काय हवंय हे त्यालाच ठाऊक नसतं, असं तिथल्या लोकांचं मत होतं.

"बाबांना सगळं आठवतं, दादा. माझ्या पहिल्या सायकलची चेन किती वेळा पडली तेही आठवतं."

"आणि जे झालंच नाही तेही आठवतं. तोच तर आजार आहे, निवासाचा मॅनेजर म्हणाला. खोलीत पडले, हात मोडला, त्या दिवशी आपण बेल वाजवत होतो, वाजवत होतो, कुणी फिरकलं नाही, असं छातीठोक सांगतायत. रिपोर्टमध्ये दुपारभर एक बेल नाही. मशीन कशाला खोटं बोलेल?"

मिरचीने फोन ठेवला तो रागातच, आणि राग दादापेक्षा स्वतःचा जास्त होता. कारण मागच्या आठवड्यात बाबांच्या पलंगाशी बसून तिनेच विचारलं होतं, "बाबा, नक्की वाजवली होतीत ना? की वाजवली असं नुसतं वाटतंय?" बाबांनी तिच्याकडे एकदा बघितलं होतं आणि मग भिंतीकडे तोंड केलं होतं. त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. त्यानंतर बेल हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नव्हता.

बाबा म्हणजे जुने ट्रक मेकॅनिक. इंजिनाखाली पाठीवर सरपटत जाऊन, दातांत पाना धरून काम करणारा माणूस. आयुष्यात कुणाला "जरा हात लाव" म्हणाले नाहीत. आई आजारी होती तेव्हाही सगळं एकट्याने निपटलं. अशा माणसाला दोरी ओढून कुणाला तरी बोलवावं लागतं, मला उठव म्हणावं लागतं, हेच त्यांच्या जिवावर आलं असणार. आणि ते खोटं कशाला सांगतील? ही साधी गोष्ट मागच्या आठवड्यात तिच्या डोक्यात शिरली नव्हती. मशीनपुढे आपला बाप तिला कमी खरा वाटला होता. रात्रभर ती स्वतःवरच चरफडत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेनंतर ती निवासात पोचली. दादा मॅनेजरच्या खोलीत आधीच येऊन बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत बोलावलेल्या पालकासारखा. मॅनेजर तरुण होता, केस चापून बसवलेले, आवाज लोण्यासारखा. त्याच्या मागच्या भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र होतं: बेलला सर्वांत तत्पर प्रतिसाद देणारी संस्था.

"तुमची कळकळ मी समजू शकतो, ताई," तो म्हणाला.

"कळकळ राहू दे. रिपोर्ट दाखवा."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. बाबांची खोली, बाबा पडले तो दिवस, सकाळी सात ते दुपारी तीनची पाळी. बेलची वेळ: सातला, पाळी सुरू होताच. प्रतिसाद: एका मिनिटात. पुढे हिरवी खूण. बस्स, एवढंच.

"बघा. सकाळी एकदा त्यांनी बेल वाजवली, लगेच मावशी गेल्या. त्यानंतर काही नाही. दुपारी ते स्वतःच उठले, तोल गेला, पडले. तीनला पाळी बदलताना सापडले. आम्हालाही वाईट वाटलंच."

"सकाळी सातला?" मिरची म्हणाली. "बाबा आठाशिवाय डोळे उघडत नाहीत. पूर्वी गॅरेजसमोर ट्रक हॉर्न वाजवत उभे राहायचे तरी उघडायचे नाहीत. दादा, सांग ना!"

दादाने मान हलवली. ते मात्र खरं होतं.

"या वयात सवयी बदलतात," मॅनेजर म्हणाला आणि कागद पुढे सरकवला. वर पेन ठेवलं. "इथे."

तिने पेन उचललं नाही. ती उठली, दार ढकलून बाहेर आली आणि तडक वर गेली. डोक्यात तिडीक गेली होती आणि कुणावर तरी ती काढायची होती. मजल्यावरच्या मावशी समोरून चादरींचा ढीग घेऊन येत होत्या. त्याच आयत्या सापडल्या.

"तुम्हीच होतात ना त्या दिवशी? माझे बाबा जमिनीवर पडून होते तेव्हा कुठे होतात? सकाळी सातला लगेच धावलात आणि दुपारी झोपा काढत होतात?"

मावशींनी चादरी कठड्यावर ठेवल्या. त्या चिडल्या नाहीत, पण तोंड उतरलं.

"दुपारी मी टोकाच्या खोलीतल्या आजींना आंघोळीच्या खुर्चीत धरून उभी होते. सोडलं असतं तर त्या पडल्या असत्या. बाहेर बेल वाजताना ऐकू येत होती मला, येत नव्हती असं नाही. पण मजल्यावर मी एकटी. आधी आम्ही दोघी असायचो दुपारच्या. मग साहेब म्हणाले, रिपोर्ट बघा, सगळं हिरवं आहे, एकीचं काम आहे हे. मी सांगितलं त्यांना, बेल खोळंबतात. तर मलाही तोच रिपोर्ट दाखवला."

"बेल वाजताना ऐकू आली?" मिरचीचा आवाज एकदम खाली आला. "दुपारी? कुणाची?"

"कुणाची ते मजल्याच्या टेबलावरच्या फलकावर दिसतं, आणि टेबलाशी बसायला कोण होतं? पण वाजत होती. आणि सकाळी सातला तुमच्या बाबांनी कशाला वाजवायची? ती मीच वाजवली."

"तुम्ही?"

"रोजचंच आहे. पाळीवर आलं की आधी प्रत्येक खोलीत जाऊन दोरी ओढायची, दिवा लागतो का बघायचं, आणि लगेच बटण दाबून बंद करायचं. बेल चालू आहे याची खात्री. म्हातारी माणसं झोपलेली असतात, त्यांना पत्ताही नसतो."

मिरची तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे कालचा वर्ग आला, टक्कलवाले गृहस्थ आले. सापडलं की ते परत येतं. पहिली बेल सकाळची, मावशींनी वाजवलेली आणि मावशींनीच बंद केलेली. रिपोर्ट बनवणाऱ्या प्रोग्रॅमला तिथेच सापडलं. तिथेच तो थांबला. पुढचा अख्खा दिवस कुणी शोधलाच नाही. म्हणूनच सगळ्या खोल्या हिरव्या, सगळे दिवस हिरवे, आणि भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र!

"मावशी, मला माफ करा," ती म्हणाली आणि आली तशी जिना उतरून गेली.

मॅनेजरच्या खोलीत तिने बसल्या बसल्या आपला लॅपटॉप उघडला. "मला रिपोर्ट नकोय. ज्यावरून रिपोर्ट बनतो ती कच्ची नोंद द्या. घरच्यांना मागता येते, तुमच्याच माहितीपत्रकात लिहिलंय."

"त्यात तुम्हाला काही कळणार नाही, ताई. नुसते ठिपके असतात."

"द्या म्हटलं ना."

त्याने खांदे उडवले आणि पाठवून दिली. खरंच नुसते ठिपके होते. पाळीतल्या प्रत्येक मिनिटाला एक चिन्ह, सगळी एका माळेत. शांत मिनिटाला टिंब. दोरी ओढली त्या मिनिटाला ब. कुणी येऊन बटण दाबलं की ह. सुरुवातीलाच एक ब होता, त्याला चिकटून ह. मग टिंबंच टिंबं, डोळे फिरतील इतकी.

"पाहिलंत?" मॅनेजर म्हणाला.

तिने पाहिलं नाही, तिने चार ओळी लिहिल्या. ब शोध. सापडला तर त्याची जागा छाप. पुढच्या जागेपासून पुन्हा शोध. सापडेनासा होईपर्यंत थांबू नको. रागाच्या भरात दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग तिने पडदा दोघांकडे वळवला.

२, ३७१, ३७४, ३७७, ३८३, ३९०, ४२१, ४२२, ४२३, ४२४, ४२५, ४२६...

आकडे पुढे जातच राहिले.

"हे काय आहे?" दादाने विचारलं.

"बाबा आहेत," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेलाच होता. "तो दोन सोड, त्या मावशी. इथून बघ. सातपासून मिनिटं मोज. एक वाजून गेल्यावर बाबांनी दोरी ओढली. थोडं थांबले, पुन्हा ओढली. पुन्हा. आपले बाबा, दादा! कुणाला पाणी द्या म्हणायला लाजणारा माणूस! मग इथे अर्धा तास काहीच नाही. वाट बघून बघून स्वतःच उठले असतील. आणि नंतर हे बघ, एकामागे एक, दर मिनिटाला. हे जमिनीवरून. काठीने दोरी ओढत असतील, एका हाताने, दुसरा मोडलेला होता. आणि मग इथे संपतं."

"का संपतं?" दादा हळूच म्हणाला.

"हात दुखला असेल."

दादाने तोंडावर हात ठेवला. पुढ्यातला कागद त्याने घेतला, स्वतःची सही असलेला, आणि फाडला. एकदा फाडून त्याचं समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा फाडला.

मॅनेजरचा लोण्यासारखा आवाज तरीही तसाच होता. "हा सॉफ्टवेअरवाल्यांचा दोष आहे. आम्ही तर त्यांच्यावर विश्वास टाकला. त्यांना आजच कळवतो मी."

"त्यांना कळवालच. पण बेल तर वाजत होती ना? खोलीबाहेर दिवा तर लागला होता ना? मावशींनी तुम्हाला येऊन सांगितलं होतं ना? त्यांना काय दाखवलंत? हेच हिरवं! आणि दुपारची दुसरी मावशी काढून टाकलीत! सोयीचं होतं म्हणून मानलंत तुम्ही हे. बाकीच्या खोल्यांच्या नोंदी काढा. सगळ्यांच्या."

"ताई, ऐका." तो पुढे वाकला. "वडिलांना कुठेही हलवत नाही. ते पुढच्या इमारतीतच राहतील, बागेकडची मोठी खोली देतो. तुमचं काम झालं. उरलेलं आमचं आम्ही बघून घेऊ. हे इथेच मिटवूया."

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरीही, एक क्षणभर, तिला मोह झाला. बाबांची खोली वाचली होती. ज्यासाठी आली होती ते हातात होतं. पण टोकाच्या खोलीतल्या आंघोळीच्या खुर्चीतल्या आजी तिला दिसल्या, आणि मागच्या इमारतीत आधीच जाऊन पोचलेल्यांपैकी कितीजण असंच "बेल वाजवली होती" म्हणाले असतील, तेही.

"हे मला नका सांगू," ती म्हणाली. "ज्यांना खोटं ठरवलंत त्यांना सांगा. चला वर."

बाबा उशीला टेकून बसले होते. प्लास्टरमधला हात मांडीवर. एका कोपऱ्यात त्यांची पेटी भरून ठेवलेली होती, हलवायची म्हणून. मॅनेजर दारातच घुटमळला, मग आत येऊन जे बोलायचं ते बोलला. त्याने "तांत्रिक अडचण" हा शब्द बऱ्याचदा वापरला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. इंजिन बिघडलेलं गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकावं, तसं ऐकलं.

"म्हणजे मी वाजवली होती," बाबा म्हणाले.

"हो. नोंद आहे तशी."

"मला नोंद नको. मी तिथे होतो." मग ते मिरचीकडे वळले. "तुला कधी पटलं?"

ती खोटं बोलू शकली असती. दादा तर नजर चुकवून खिडकीबाहेर बघत होता.

"आज, बाबा. आकडे निघाले तेव्हा."

बाबांनी मान हलवली, जणू त्यांचा अंदाज बरोबर निघाला. चांगल्या हाताने त्यांनी डोक्यावरची दोरी शोधली आणि खाली ओढली. दाराबाहेर लाल दिवा लागला. लांब टेबलाशी बेल वाजली आणि थांबली.

"बाबा, काय हवंय? मी देते ना," मिरची उठली.

"तुझ्याकडून काही नको. बेलवर जो येतो त्याने यावं."

सगळे थांबले. मजल्यावर दुपारच्या त्या एकट्याच मावशी होत्या, आणि त्या कुठे असतील ते मिरचीला ठाऊक होतं. कुणाच्या पावलांचा आवाज येईना. मॅनेजरने घड्याळ पाहिलं, खोकला आणला, पाय बदलला. मग तो भिंतीवरच्या बटणाकडे सरकला आणि ते दाबायला त्याने हात पुढे केला.

"हात लावू नका त्याला," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण एके काळी गॅरेजमधली माणसं याच आवाजाने जागच्या जागी उभी राहत. "ही पहिली झाली. त्या दिवशी बऱ्याच झाल्या होत्या. बसा त्या खुर्चीवर."

मॅनेजर बसला.

"दादा, तू बस." दादा पेटीवर बसला.

बाबांनी पुन्हा दोरी ओढली. लांब टेबलाशी पुन्हा बेल वाजली आणि थांबली. मिरची अजून पलंगाशी उभी होती. राग कुठल्या कुठे गेला होता आणि आता हातांचं काय करावं तिला कळत नव्हतं. बाबांनी प्लास्टरमधल्या हातानेच पलंगाची कड दाखवली.

"तूही बस," ते म्हणाले, आणि तिसऱ्यांदा दोरीला हात घातला.